बंड्याला आठवताना

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा. वेंगुर्ल्याच्या बाजूला तुमचं घर. तिथला तुमचा कुत्रा बंड्या दोन वर्षांचा असताना टेम्पोखाली आला, कणा मोडला आणि मागचे दोन्ही पाय कायमचे गेले. पुढची 8 वर्षं तुमच्या आईने त्याचं सगळं केलं, बाबांनी त्याला चाकांची गाडी करून दिली. या आषाढात त्याची किडनी गेली आणि शेवटी तिथल्या डॉक्टरांना त्याला कायमचं झोपवणारं इंजेक्शन द्यावं लागलं. तुम्ही तेव्हा ठाण्यात होतात. आता चवथीला, म्हणजे गणपतीला, घरी जाणार आहात. तुम्ही लिहिलंय: "त्याच्यासाठी काहीतरी करायचं आहे, पण डोळे मिटले की मला लंगोट, जखमा आणि शेवटचा व्हिडिओ कॉल एवढंच दिसतं. लोक म्हणतात सुटला, आईपण सुटली. बाबा तर त्याचं नावही काढत नाहीत. त्याची आठवण नेमकी ठेवायची तरी कशी?"

समाधी बांधावी, झाड लावावं की फोटो फ्रेम करून लावावा, हे तुम्ही पुढे विचारलंय, आणि त्याबद्दलही सांगतो. पण तुमची खरी अडचण त्याच्या आधीची आहे. बंड्याचं दुखणं बंड्याच्या पुढ्यात येऊन उभं राहिलंय आणि मागचा कुत्रा दिसेनासा झालाय. अशा वेळी समाधी बांधलीत तर ती दुखण्याचीच होईल. म्हणून आधी कुत्रा शोधूया.

मी कुडाळ-मालवण पट्ट्यात 27 वर्षं जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. सुरुवातीला गायी, म्हशी, शेळ्याच जास्त होत्या, कुत्रं कुणी क्वचित आणायचं. आता निम्मा दिवस कुत्र्यांचा असतो. महामार्ग रुंद झाल्यापासून कणा मोडलेले कुत्रे माझ्याकडे बरेच येतात. त्यातले सगळे जगत नाहीत, आणि जगले त्यांना सगळी घरं ठेवू शकत नाहीत. त्यामुळे मी सांगतोय ते सगळ्यांना सारखंच लागू पडेल असं नाही. कुत्रा किती वर्षं तसा होता, त्याचं कोण करत होतं, तो अचानक गेला की झिजत गेला, घरात दुसरं जनावर आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. बंड्याला मी तपासलेलं नाही. तुम्ही लिहिलंत तेवढ्यावरून बोलतोय.

आता तुम्हाला शेवटचेच दिवस का दिसतात ते बघूया. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात शिकत असताना आम्हाला मोडलेल्या कण्याची परीक्षा शिकवली होती. मागच्या पायाच्या बोटाचं हाड चिमट्यात धरून दाबायचं आणि कुत्र्याच्या तोंडाकडे बघायचं. तो वळून बघतो का, विव्हळतो का? नुसता पाय आखडला तर ती कण्याची आपोआपची प्रतिक्रिया असते, तिच्यावर विसंबायचं नाही. तोंडावर काहीच उमटलं नाही तर खोल वेदनेची जाणीव गेली, आणि पाय परत येण्याची आशा फार थोडी. मी केसपेपरवर ते लिहितो. पुढे लघवी दाबून काढावी लागते, ढुंगणाच्या हाडांवर जखमा, महिन्याने पुन्हा तपासणी. माझ्या कागदावर कुत्रा एवढाच असतो, कारण त्याला काय जमत नाही हे नोंदवणं हेच माझं काम.

हळूहळू घरही तोच कागद वाचू लागतं. तुमच्या आईने 8 वर्षं दिवसातून तीन-चार वेळा त्याचं पोट दाबून लघवी काढली असणार. बूड पुसलं असणार, पावसाळ्यात रोज उलटापालटा करून पाहिलं असणार, कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर ओल्या जखमेवर माशी बसली की एकदोन दिवसांत किडे पडतात. तुम्ही फोन केलात की आधी काय विचारायचात? "जखम कशी आहे? खाल्लं का?" काळजीचंच बोलणं रोज होत होतं, मग तेच पाठ झालं. वर शेवटचे तीन आठवडे इतके कठीण गेले की बाकीचं सगळं त्यांच्याखाली दबलं. यात तुमच्या प्रेमाला काही कमी पडलेलं नाही. माझ्याकडे येणारी जवळजवळ सगळी माणसं पहिले काही महिने असंच बोलतात.

पण ज्या घरांत मी स्वतः जाऊन कुत्रा पाहिला तिथे मला वेगळंच दिसलं आहे. मालवणच्या बंदराजवळ एका घरात काळी नावाची कुत्री होती. बंड्यासारखीच, मागचे पाय गेलेले. मी मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी औषध द्यायला जायचो. एकदा सकाळी गेलो तर ती घरात नव्हती. म्हातारे आजोबा म्हणाले, रापण लागली आहे, ती तिकडे असेल. किनाऱ्यावर माणसं रापणीच्या मोठ्या जाळ्याचे दोर ओढत होती आणि काळी ओल्या वाळूवरून पुढच्या दोन पायांनी सरपटत जाळ्याच्या टोकाशी पोचली होती. कोरड्या वाळूत तिची दमछाक व्हायची, म्हणून पाण्याच्या कडेकडेने लांबचा वळसा घालून जायची. हा रस्ता तिला कुणी शिकवला नव्हता. जाळं वर आलं की बारकी मासळी बाजूला टाकतात, त्यावर तिचा हक्क. बाकीचे कुत्रे चार पायांचे होते, पण तिच्या आधी तोंड घालायची कुणाची छाती नव्हती. माझ्या कागदावर तिच्याबद्दल काय होतं, "दोन्ही मागचे पाय निकामी, लघवीवर ताबा नाही." एवढं लिहिणारा मी तिला ओळखतच नव्हतो, हे मला त्या दिवशी वाळूत उभं राहून कळलं.

यामागे शरीराचं साधं कारणही आहे. कुत्रा उभा असताना त्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागचे गेले तरी ओझ्याचा मोठा वाटा उचलणारे पाय शाबूत राहतात, आणि काही महिन्यांत खांदे आणि छाती अशी भरते की पैलवान वाटावा. बंड्याची भरली होती का ते जुन्या फोटोत बघा. नजर गेलेला कुत्रा नाकावर आणि पावलांच्या अंदाजावर घर पाठ करतो. कुडाळला माझ्या माहितीत एक आंधळा कुत्रा होता. चवथीला माटवी (गणपतीवरचं फळा-पानांचं छत) बांधली की पहिल्या दिवशी तो नव्या पाटाला एकदा आपटायचा आणि संध्याकाळपासून बरोबर वळसा घालायचा. बहिऱ्या कुत्र्याला हाताच्या खुणा कळतात. तीन पायांचा कुत्रा काही आठवड्यांत पळायला लागतो. दुखणं, भूक, एकटं सोडलं जाणं, हे त्यांना कळतं आणि ते तसं दाखवतात. आपल्यात काही उणं आहे म्हणून कुढत बसलेला कुत्रा मात्र मी या 27 वर्षांत पाहिलेला नाही.

आता लोकांचं "सुटला". हा शब्द मीही वापरायचो. प्रॅक्टिसच्या चौथ्या-पाचव्या वर्षी एका आजीचा कुत्रा गेला. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूच्या आजारातून वाचला होता, पण त्याचं डोकं आणि एक पाय जन्मभर झटके देत राहिले. मी धीर द्यायचा म्हणून म्हणालो, "सुटला बिचारा." आजी माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सुटलो म्हणजे? तो खंय अडाकलो हुतो?" त्यांच्या लेखी तो झटके देत खळ्यात ऊन खायचा, झटके देत पेज प्यायचा, रात्री झटके देत पायाशी झोपायचा. अडकलेला होता तो आमच्या डोळ्यांत. त्यानंतर कुठल्याही घरात मी हा शब्द उच्चारलेला नाही.

तरी एक फरक करा. शेवटच्या तीन आठवड्यांपुरता तो शब्द खोटा नाही. किडनी बंद पडत आली की मळमळ असते, तोंडात फोड येतात, अन्नाचा वासही नको होतो. त्या त्रासातून बंड्या खरंच सुटला. पण शेजारीपाजारी तो शब्द 8 वर्षांवर पसरतात, आणि तुम्हाला खुपतंय ते तेच. कुणी म्हणालं तर "शेवटी फार त्रास होत होता, त्याआधी मजेत होता" एवढं सांगून टाका. भांडायला नको, पण गप्पही राहू नका, कारण आई ऐकत असते.

"आईपण सुटली" याबद्दल. हो, आईला हलकं वाटत असणार. 8 वर्षांत त्या एका रात्रीसाठी तरी माहेरी राहू शकल्या का? लग्नाला जाऊन मुक्काम करू शकल्या का? आता रात्री पूर्ण झोप लागते आणि सकाळी उठल्यावर त्या झोपेचीच लाज वाटते, असं मला कितीतरी जणींनी सांगितलंय. मी त्यांना सांगतो की दमलेलं शरीर विश्रांती घेणारच, त्याला मनाची परवानगी लागत नाही. हलकं वाटणं आणि जीव तुटणं एकाच दिवशी, एकाच बाईला होतं. आई हे स्वतःहून बोलणार नाहीत. तुम्हीच कधीतरी कामाच्या ओघात म्हणा, "आता जरा झोप होते ना तुझी? बरं वाटतं ऐकून." मुलगी असं म्हणाली की बाईच्या खांद्यावरचं किती उतरतं ते मी पाहिलं आहे.

दोन गोष्टी आईंना मुद्दाम सांगायला हव्यात, कारण तुमच्या पत्रात त्या ओझरत्या आल्यात आणि माझ्या मते आईला रात्री त्याच टोचत असणार.

पहिली, किडनी. तुम्ही लिहिलंय, आई म्हणतात, "माझाच हात कमी पडला." असं बघा. कणा मोडलेल्या कुत्र्याचं मूत्राशय हाताने कधीच शंभर टक्के रिकामं होत नाही. थोडी लघवी मागे राहते, त्यात जंतू वाढतात, तो संसर्ग वर किडनीकडे चढतो. नीट काळजी घेतलेल्या घरांतही हे पुन्हा पुन्हा होतं. ज्या घरांत हात खरोखर कमी पडतो तिथले कुत्रे बहुतेक पहिल्या वर्षा-दीड वर्षातच जातात, हा माझा अनुभव. बंड्या 8 वर्षं काढून, 10 वर्षांचा होऊन गेला. ते आईच्या हातानेच झालं.

दुसरी, इंजेक्शन. आई म्हणतात, त्याने शेवटी माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटलेच नाहीत, इंजेक्शन दिल्यावर एकदा मोठा श्वासही घेतला, म्हणजे त्याला जायचं नव्हतं. हे घराघरांत घडतं आणि आम्ही डॉक्टर लोक आधी समजावून सांगत नाही, ही आमची चूक. ते औषध म्हणजे भूल देण्याचंच औषध, पण फार मोठ्या मात्रेत, शिरेतून. शिरेत गेल्यावर काही सेकंदांत मेंदू झोपतो, तिथेच दुखणं, कळणं, ओळखणं थांबतं. मग श्वास, मग हृदय, तेही काही मिनिटांत. मेल्यावर कुत्र्याचे डोळे उघडेच राहतात, पापणी मिटायला स्नायू ओढावा लागतो आणि तो ओढणारं कुणी उरलेलं नसतं. थोड्या वेळाने छाती एकदोनदा हलते, ओठ थरथरतो, लघवी होते, तेव्हा आत कुत्रा नसतो. बंड्याने आईकडे बघितलं ते औषध जाण्याआधी, आणि ते खरं बघणं होतं. त्या वेळी आई समोर होत्या. पुढचं त्याला काही कळलेलं नाही. हे शब्द माझे म्हणून आईला वाचून दाखवा.

आता काय करायचं. माझी एकच पद्धत आहे आणि ती मी कितीतरी घरांना सांगितली आहे: त्याचा एक साधा दिवस लिहून काढा. अपघाताचा दिवस सोडा, शेवटचाही सोडा. मधल्या वर्षांतला कुठलाही, समजा मार्गशीर्षातला एक वार, काहीही विशेष न घडलेला. पहाटे तो कुठे झोपलेला असायचा, पडवीत की चुलीपाशी? आईची बाव (विहीर) गाठायची वेळ त्याला कळायची का? 10 वाजताची पेज त्याला कशात वाढायचे? पेजेत सुक्या बांगड्याचं डोकं टाकलं तर आधी काय संपायचं? गाडीचा आवाज जांभ्याच्या खळ्यात कसा यायचा आणि सारवलेल्या जमिनीवर कसा? कोण आलं की भुंकायचा, कोणावर कधीच भुंकला नाही? दुपारी कुठल्या सावलीत? वानरं माडावर आली की काय करायचा?

साधा दिवस सांगण्याचं कारण असं की मोठे प्रसंग दुखण्याशी जोडलेले असतात, रोजच्या सवयी मात्र कुत्र्याच्या स्वतःच्या असतात. "बंड्या कसा होता?" असं विचारलंत तर घर "फार सोसलं त्याने" म्हणून थांबेल. "पेज कशात खायचा?" असं विचारलंत तर कुणीतरी म्हणेल, "कशात म्हणजे? त्याची ती ॲल्युमिनियमची थाळी. दुसऱ्या ताटलीत दिलं तर तोंड फिरवायचा." आणि मग बोलणं सुरू होतं.

हा दिवस एकट्याने लिहू नका. तुम्ही ठाण्यात राहता, तुमच्याकडे सुट्ट्यांतला बंड्या आहे. बाकीचा आईकडे, बाबांकडे, आणि काही असा भाग शेजाऱ्यांकडे आहे जो घरालाही माहीत नसतो. काळीच्या घरच्यांना ती गेल्यावर कळलं की शाळेची पोरं रोज जाताना तिला डब्यातलं काहीतरी देत होती. चवथीला घरी माणसं येतीलच. दूधवाला, पोस्टमन, वाडीतली पोरं, आरतीला येणारे, सगळ्यांना एकेक गोष्ट विचारा आणि साध्या वहीत लिहा, ज्याने सांगितली त्याच्या बोलीत. मालवणी असेल तर मालवणीतच. फोनमधले फोटो-व्हिडिओ त्याच दिवशी दुसरीकडे उतरवून ठेवा. एखाद्या व्हिडिओत मागे नुसता गाडीचा खडखडाट ऐकू येत असेल तर तो पुसू नका, पुढे त्यासाठीच तो व्हिडिओ लावाल.

काहीजण उलट टोक गाठतात. अपघाताआधीचाच फोटो लावायचा, चार पायांवर धावणारा, आणि गाडी-लंगोट कुठेच दिसू द्यायचे नाहीत. मला हे पटत नाही. धावणारा बंड्या 2 वर्षांचा, गाडीवाला 8 वर्षांचा. तुम्ही तो लपवलात तर त्याचं बहुतेक आयुष्य आणि आईची 8 वर्षं दोन्ही लपली. लंगोटाचं कापड कुठल्या जुन्या लुगड्याचं होतं, पोट दाबताना आई त्याच्याशी काय बोलायची, हेही त्या वहीत हवंच. तेव्हाही तो आईचा हात चाटत असणार, बहुतेक चाटतात. दोघांची सगळ्यात जास्त बोलणी त्या वेळातच झालेली असतात. मी म्हणतोय ते इतकंच, की शुश्रूषा त्या दिवसात जेवढी होती तेवढीच जागा तिला द्या. दिवसाला तास-दीड तास. बाकीचे साडेबावीस तास बंड्याचे.

पुरलेल्या जागेबद्दल. मागच्या परसात माडाजवळ पुरलंय आणि माती खचली आहे म्हणता. पहिल्या पावसात माती बसतेच, घाबरू नका. खड्डा निदान 3 फूट खोल होता का ते बाबांना विचारा. आपल्याकडे वर हातभर माती आणि खाली कातळ, त्यात भर पावसात खणायचं म्हणजे पुष्कळदा दोन फुटांवर थांबतात. तसं झालं असेल तर वर आणखी माती टाकून चिरे अंथरा, म्हणजे कोल्हे आणि मोकाट कुत्रे उकरणार नाहीत. हे नुसतं भावनेपोटी सांगत नाही. त्या इंजेक्शनचं औषध शरीरात बराच काळ टिकतं आणि उकरून खाणारं जनावर मरू शकतं. बाव जवळ नाही ना, तेही बघा.

झाड लावायचं असेल तर माझं मत जास्वंदीला. बकुळ किंवा सुरंगी लावावीशी वाटते, पण ती वाढायला वर्षं घेतात, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी कमी पडून रोप जळलं की घरात दुसऱ्यांदा कुणी गेल्यासारखं होतं. हे मी तीन घरांत पाहिलंय. जास्वंदीची फांदी पावसात खोचली की लागते. ती अगदी खड्ड्यावर नको, दोन हात बाजूला लावा. पुढच्या चवथीपर्यंत बहुतेक फुलेल. त्या झाडाचं फूल गणपतीला चालेल का, हे ज्याच्या त्याच्या घरावर आहे. आईला विचारा, त्या म्हणतील ते खरं.

श्राद्ध करता येतं का असंही विचारलंय. शास्त्रार्थ सांगणं माझं काम नाही. पण चवथ झाली की लगेच पितृपक्ष, आणि तुमच्याकडे म्हाळ घालत असतीलच. म्हाळाच्या दिवशी गायीचा, कावळ्याचा तसा कुत्र्याचाही घास काढायची रीत आहे. तो वाटा मुळातच आहे, नवीन काही करावं लागत नाही. माझ्या ओळखीच्या एका घरात तो घास वाडीतल्या एका लंगड्या कुत्र्याला नेऊन घालतात, आणि घालताना आपल्या गेलेल्या कुत्रीचं नाव घेतात. भटजींनी कधी हरकत घेतलेली नाही.

घरात भाचा 5 वर्षांचा आहे म्हणता. त्याला "बंड्या झोपला" किंवा "गावाला गेला" सांगू नका. त्या वयात मेलेलं परत येत नाही हे नीट कळलेलं नसतं, आणि झोपला म्हटलं की पोर स्वतः झोपायला घाबरतं. "बंड्या खूप आजारी होता, तो मेला, आता परत येणार नाही, त्याला दुखत नाही" असं सरळ सांगा. तो दहा वेळा विचारेल. दहाही वेळा तेच सांगा.

नवीन पिल्लू आणून ठेवायचा विचार असेल तर या चवथीला आणू नका. आईला न विचारता तर कधीच नको. पिल्लाचं करायला पुन्हा आईच लागणार, आणि त्यांची आत्ता कुठे झोप सुरू झाली आहे.

एक गोष्ट मात्र सांभाळा. दोन-तीन महिने आईला गाडीचा आवाज ऐकू आल्यासारखं होणं, पोट दाबायच्या वेळेला आपोआप उठून बसणं, हे मी सर्रास पाहतो आणि ते हळूहळू ओसरतं. पण जेवण तुटलं, रात्रीमागून रात्री डोळ्याला डोळा लागेना, किंवा "आता मी कशाला जगू" असं तोंडून आलं, तर कुत्र्यासाठी एवढं काय म्हणून सोडून देऊ नका. माणसाच्या डॉक्टरकडे न्या. सरकारची टेली-मानस सेवा आहे, 14416 हा नंबर, दिवसरात्र चालतो आणि पैसे लागत नाहीत. बाबांच्या बाबतीतही हेच. न बोलणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

बाबांचंच शेवटी सांगतो, कारण तुम्हाला सगळ्यात अवघड तेच वाटतंय. त्यांना "तुम्हाला बंड्याची आठवण येते का?" असं विचारू नका. उठून गोठ्यात जातील. त्यांनी गाडी केली होती ना? आणि ती अजून पडवीत टांगलेली आहे. ती कुणी न विचारता काढणार नाही एवढं आधी घरात ठरवून घ्या. मग गाडीबद्दलच बोला. मला खरंच त्या गाडीची मापं हवी आहेत. माझ्याकडे आत्ता कणकवलीकडचं एक कुत्रं आहे, साधारण बंड्याएवढंच, आणि विकतची गाडी आपल्या जांभ्यावर आणि चिखलात टिकत नाही. चाकं लहान पडतात, रुततात. पट्टा मांडीत घासून जखम होते. 8 वर्षं बंड्या ज्या गाडीवर फिरला तिच्यात या सगळ्यावर बाबांनी काही ना काही उत्तर काढलेलं असणार. पाइप कुठल्या जाडीचा घेतला, चाकं कशाची बसवली, दोन चाकांत अंतर किती, कमरेखालचा पट्टा कशाचा, उतारावर गाडी पुढे लोटू नये म्हणून काय केलं, हे सगळं मला लागणार आहे. मूळ गाडी द्या असं मी म्हणत नाही, ती बंड्याची आहे. नुसती मापं पाठवा.

आरत्या आटोपून घर निवांत झालं की टेप आणि वही घेऊन बाबांच्या शेजारी पडवीत बसा, आणि पहिली गाडी कुठे फसली होती ते विचारा.